शिक्षकाचा हिरावलेला तास

महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षकाच्या पगाराविषयी जेवढे बोलले गेले, तेवढे त्याच्या वेळाविषयी कधीच बोलले गेले नाही. पगाराचा प्रश्न मोर्चात मांडता येतो, विधान परिषदेत विचारता येतो, न्यायालयातही नेता येतो. वेळाचे तसे नाही. पस्तीस मिनिटांच्या तासातील दहा मिनिटे वरिष्ठ कार्यालयाने तातडीने मागविलेली माहिती पाठविण्यात गेली, तर त्याची नोंद कोठे होत नाही आणि त्याबद्दल कोणी धरणेही धरीत नाही. परंतु हायस्कूलच्या शिक्षकाला या पेशात जे काही सुख लाभते ते याच वेळातून लाभते. आणि आज त्याच्या वाट्याला जो वैताग आलेला आहे, त्याचे मूळही हा वेळ त्याच्या हातून निसटत चालला यातच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोल्हापुरात हा विषय काढावयाचा तर १९१७ सालापासून आरंभ करावा लागतो. त्या वर्षी राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्यापूर्वीच, १९०१ पासून, खेड्यातून शिकावयास येणाऱ्या निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी त्यांनी शहरात वसतिगृहे उभी करण्यास प्रारंभ केला होता. याच जिल्ह्यात कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. गारगोटीस मौनी विद्यापीठ उभे राहिले, १९५४ मध्ये बापूजी साळुंखे यांनी श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली, आणि पाहता पाहता भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्यांतही हायस्कूलची घंटा ऐकू येऊ लागली. हा इतिहास कोल्हापूरकरांस पाठ आहे. त्यातील एक गोष्ट मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही. महाराजांचा तो एक रुपया दंड प्राथमिक शाळेपुरता होता. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. नववीच्या उंबरठ्यावर कोणताही कायदा उभा नसतो. तेथे उभा असतो तो वर्गशिक्षक.

आणि या जिल्ह्यात हा उंबरठा मोठा निसरडा आहे. हुपरीत घरोघर चांदीचे दागिने घडतात, इचलकरंजीत यंत्रमाग चालतात, शिरोलीत ओतकामाचे कारखाने आहेत, आणि ऊस तर सर्वत्रच आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाताला चार पैशांचे काम मिळणे येथे कठीण नाही. मुलींची कथा निराळी. नववीतली मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही, की अनुभवी शिक्षकाच्या मनात पाल चुकचुकते. आजारपण असेल, आई शेतावर जात असल्याने धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम असेल, किंवा मग घरात पाहुण्यांची ये-जा सुरू झाली असेल. हजेरीपत्रकावर या तिन्हींसाठी एकच खूण असते. त्यांतील फरक कळण्यासाठी शिक्षकाला त्या घरी जावे लागते, ओसरीवर बसावे लागते, चहा घ्यावा लागतो, ऊसबिलापासून गावच्या राजकारणापर्यंत इकडचे तिकडचे बोलावे लागते आणि मग हळूच मूळ मुद्द्यावर यावे लागते. या भेटीची नोंद कोणत्याही अहवालात नसते. पण अशा एका भेटीने दहावीपर्यंत पोहोचलेली मुलगी पुढे परिचारिका होते, ग्रामसेविका होते, स्वतः शिक्षिका होते. हायस्कूलच्या शिक्षकाची मिळकत काय, असे कोणी विचारील तर ती अशा ठिकाणी पाहावी.

प्राथमिक शिक्षकाला मूल अक्षरे गिरविताना दिसते. महाविद्यालयातील प्राध्यापकापुढे बराचसा घडलेला तरुण येऊन बसतो. मधला जो तेरा ते सोळा वर्षांचा काळ, ज्यात मुलाचा आवाज फुटतो, घरच्यांशी खटके उडू लागतात आणि स्वतःचे असे एक मत असावे हे प्रथमच सुचते, तो काळ हायस्कूलच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली जातो. आठवीच्या वर्गात बीजगणित शिकविणाऱ्याला हे ठाऊक आहे. 'क्ष म्हणजे किती?' असे मुले विचारीत राहतात. क्ष म्हणजे काहीही असू शकते, आपल्याला तेच शोधावयाचे आहे, हे सांगून समजत नाही. चार दिवस, आठ दिवस जातात आणि एके दिवशी मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर ते उमटते. तो क्षण फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणालाच दिसत नाही. तो घाई करून आणता येत नाही आणि त्याचे छायाचित्र काढून कोठे पाठविताही येत नाही.

भाषेच्या शिक्षकाचेही तेच. कोल्हापूरकडच्या मुली बोलताना 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात आणि निबंधातही तसेच लिहितात. शिरोळ-गडहिंग्लजच्या बाजूला काही मुलांच्या घरात कानडी असते. चंदगडकडच्या बोलीला कोकणीचा सूर असतो. अशा वहीवर लाल शाईचा फराटा ओढणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. पण तुझ्या आजीची बोली चुकीची नाही, तिला तिचे ठिकाण आहे आणि कागदावरच्या मराठीला तिचे, एवढे मुलीला न दुखविता समजावून देण्यास वेळ लागतो. साठ-पासष्टांचा वर्ग असेल तर फारच लागतो. (लाल शाईने ज्यांची बोली कायमची मुकी झाली, अशी माणसे आपल्या प्रत्येकाच्या परिचयाची असतील.)

या नगरीला शिक्षकांचे आणखीही एक ऋण आहे. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार ज्यांना मिळाला ते वि. स. खांडेकर १९३८ साली कोल्हापुरास आले. त्यापूर्वीची अठरा वर्षे त्यांनी शिरोड्याच्या शाळेत मुलांना शिकविण्यात घालविली होती. 'मृत्युंजय' ही कादंबरी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिचे लेखक शिवाजी सावंत कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक होते. गीतकार जगदीश खेबुडकर हेही पेशाने शिक्षकच. शाळेने त्यांना लेखक केले असा दावा करणे अतिशयोक्तीचे होईल. पण शाळा सुटल्यावर स्वतःच्या टेबलाशी बसण्याइतका वेळ व डोक्यात एवढी मोकळी जागा त्या काळच्या शिक्षकापाशी उरत असे, हे यावरून दिसते.

याचा अर्थ तो काळ सुवर्णाचा होता असा मात्र कोणी घेऊ नये. पगार तुटपुंजा, तोही वेळेवर मिळेल याची शाश्वती नाही. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, हा प्रकार अनेकांनी सोसलेला आहे. संस्थाचालकाची मर्जी खप्पा झाली की शिक्षकाला घरी बसावे लागे. १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली आली, बडतर्फीविरुद्ध दाद मागण्यासाठी शाळा न्यायाधिकरण मिळाले, तेव्हा कोठे या पेशाला मान वर करून उभे राहता आले. तो लढा आवश्यकच होता. दुर्दैव असे की, नोकरी सुरक्षित झाली त्याच सुमारास तिच्या आतील वेळ दुसऱ्यांच्या स्वाधीन होऊ लागला.

आज हायस्कूलच्या शिक्षकाच्या माथ्यावर काय काय आहे? सरल, यूडायस, शालार्थ अशा निरनिराळ्या संकेतस्थळांवर तीच ती माहिती निरनिराळ्या तक्त्यांत भरणे, पाचवी ते आठवीच्या मुलांच्या पोषण आहाराचा हिशेब, विद्यार्थ्यांची आधार जुळणी, शिष्यवृत्त्यांचे अर्ज, 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' यांसारख्या स्पर्धांसाठी प्रत्येक उपक्रमाची छायाचित्रे, त्याखेरीज मतदार याद्यांचे काम आणि अधूनमधून येणारी सर्वेक्षणे. २०२३ मध्ये निरक्षरांच्या शोधमोहिमेवर शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला; जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक पुन्हा घरोघर फिरले. शिक्षणहक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम तर स्पष्ट सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी तीन कामे सोडून शिक्षकाला शिक्षणेतर कामाला जुंपू नये. याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे किमान काम आठवड्याला ४५ तासांचे धरले आहे आणि त्यात पाठाच्या तयारीचाही समावेश आहे. पाठाची तयारी हेही काम आहे, हे येथे प्रत्यक्ष कायद्याने मान्य केले आहे. आपल्याकडच्या किती शिक्षकांना शाळेच्या वेळात पाठाची तयारी करावयास सापडते, याचे उत्तर त्यांनीच द्यावे.

कायद्यातील तीन कामांविषयी शिक्षकांची तक्रार आहे असे आमच्या पाहण्यात नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेला महापूर आला, तेव्हा शाळांच्या खोल्या पूरग्रस्तांसाठी उघडल्या गेल्या आणि शिक्षकांनी तेथे रात्री काढल्या. २०२० च्या करोनाकाळात ते तपासणी नाक्यांवर उभे राहिले. संकटाच्या वेळी कोणी घड्याळ पाहिले नाही. कुरकुर आहे ती रोजच्या, बिनसंकटाच्या ओझ्याची. २०२४ मध्ये शासनाने शैक्षणिक व अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला. परंतु कामाच्या डोक्यावर 'शैक्षणिक' अशी पाटी लावली म्हणून ते फळ्यावरचे काम होत नाही.

या ठिकाणी शाळेतील लेखनिकाची बाजूही मांडली पाहिजे. हे सारे काम वास्तविक कार्यालयाचे. पण लेखनिकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आणि डिसेंबर २०२० च्या निर्णयाने अनुदानित खासगी शाळांतील शिपायांच्या नियमित पदांऐवजी भत्त्याची व्यवस्था आली. घंटा कोणी द्यावयाची, असा प्रश्न पडलेल्या शाळा आज आहेत. एकट्या लेखनिकाने सेवापुस्तके, वेतन देयके, दाखले आणि चार संकेतस्थळे सांभाळावयाची म्हटल्यावर त्यातील अर्धे काम संगणक येणाऱ्या तरुण शिक्षकाच्या गळ्यात पडते, आणि नेमका तोच गणित-विज्ञानाचा शिक्षक असतो. म्हणजे लेखनिकाचे एक पद वाचविण्याची किंमत दहावीच्या मुलांच्या बीजगणिताने चुकती होते. हा व्यवहार सरकारी हिशेबात कोठेच दिसत नाही.

वेळाचा प्रश्न आम्ही पुढे ठेवला, म्हणून पगाराचा मिटला असे नव्हे. किंबहुना त्याने आज जे रूप घेतले आहे ते जुन्या दारिद्र्याहून अधिक विषारी आहे. एकाच शिक्षककक्षात, एकाच कपाटातले खडू घेऊन, शेजारशेजारच्या वर्गांवर जाणारी माणसे पाहा. एकाला पूर्ण वेतन आणि जुनी पेन्शन. दुसरा १ नोव्हेंबर २००५ नंतर लागला म्हणून त्याला ती पेन्शन नाही. तिसरा शिक्षणसेवक, त्याला तीन वर्षे मानधनावर काढावयाची, जे २०२३ मध्ये वाढून माध्यमिकसाठी १८ हजार रुपये झाले. चौथा अंशतः अनुदानित तुकडीवरचा. आणि पाचवा तासिकेवरचा, ज्याला मे महिन्याच्या सुटीचे पैसेच मिळत नाहीत. पाचही जणांच्या वर्गात मुले तीच आणि परीक्षा मंडळही तेच.

यातील चौथ्याची कहाणी विशेष करुण आहे. २००१ पासून 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर शाळांना परवानग्या देण्यात आल्या. 'कायम' हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला आणि प्रत्यक्ष वीस टक्के अनुदानाचा टप्पा अनेकांच्या हाती लागला तो २०१६ नंतर. २००१ साली पंचविशीत असलेला एखादा तरुण अशा शाळेवर लागला असेल, तर पगाराचा पाचवा हिस्सा पाहावयास त्याला चाळिशी गाठावी लागली; अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याची निवृत्ती आहे. जुलै २०२५ मध्ये अशा शाळांचे शिक्षक पुढच्या टप्प्याच्या मागणीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर भर पावसात बसले होते. त्यांत शाळा सुटल्यावर शेतमजुरी करून आणि दुकानात हिशेब लिहून संसार रेटलेली माणसे होती. आपल्या वर्गात चिकाटीचे धडे देण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला असेल?

वस्तुतः हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीच सोडविण्याची दिशा सांगितली गेली होती. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने, शाळा सरकारी असो, स्थानिक संस्थेची असो वा खासगी, एका श्रेणीच्या शिक्षकांना एकच वेतनश्रेणी असावी अशी शिफारस केली होती. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचाच हात होता. आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने देशाला सांगितलेली गोष्ट आपल्याच जिल्ह्यातील शिक्षककक्षांत अजून पोहोचावयाची आहे.

शिक्षकवर्ग सर्वस्वी निर्दोष आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. वर्गात हात राखून शिकवावयाचे आणि संध्याकाळी त्याच मुलांची शिकवणी घ्यावयाची, हे करणारे आहेत. खासगी शिकवणीला कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने बंदी असतानाही आहेत. वर्षानुवर्षे तेच पिवळे पडलेले टाचण वाचून दाखविणारे आहेत. संस्थेच्या राजकारणात इतके रमलेले आहेत की वर्ग हा त्यांना व्यत्यय वाटतो. ज्याने नोकरीसाठी मोठी रक्कम मोजली आहे, त्याने पहिली काही वर्षे ती वसूल करण्याचा विचार केला तर आश्चर्य ते काय? पण या साऱ्यांवर इलाज म्हणून आणखी एक प्रपत्र काढण्यात आले, तर त्याचा भार कामचुकारावर पडत नाही. तो प्रपत्र भरून मोकळा होतो, त्यात तो वाकबगार असतो. भार पडतो तो त्या प्रपत्रामुळे ज्याचा तास बुडतो त्याच्यावर.

आणि ज्यांच्या जिवावर हे चालते ते शिक्षक कोणते? दहावीचे वर्ष सुरू झाले की सकाळी सातला जादा तास घेणारे, जानेवारी उजाडताच गावातल्या शाळेत रात्र अभ्यासिका चालविणारे, कंदिलाच्या काळी कंदील आणि आता दिवे गेले की मोबाइलचा उजेड धरून मुलांच्या शेजारी बसणारे. अशांना उन्हाळ्याच्या सुटीतही उसंत नाही. कारण अलीकडे त्यांच्यामागे पटाचे नवे लचांड लागले आहे. एक तुकडी तुटली की कोणीतरी अतिरिक्त ठरतो. म्हणून मे महिन्यात शिक्षक वाड्यावस्त्यांवर फिरून मुले गोळा करतात, कोणी स्वतःच्या खिशातून वह्या देतो, कोणी रिक्षाचे भाडे भरण्याचे कबूल करतो. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने ही धास्ती वाढविली आणि राज्यभर शिक्षक त्याविरुद्ध रस्त्यावर आले. गगनबावड्याच्या किंवा राधानगरीच्या डोंगरात वस्तीच मुळी विरळ आहे. तेथे शहरातला पट कोठून आणावयाचा? पद गेले की गणिताच्या शिक्षकाने इंग्रजी घ्यावयाचे आणि मराठीच्या शिक्षकाने विज्ञान. मग नववीतून शाळा सोडणाऱ्या मुलाच्या घरी जावयास उरतो कोण?

माध्यमिक शिक्षकाला राज्यघटनेने एक दुर्मिळ मान दिलेला आहे. विधान परिषदेच्या सुमारे एक द्वादशांश जागा माध्यमिक व त्यावरील शिक्षणसंस्थांतील शिक्षकांनी निवडून द्यावयाच्या असतात. प्राथमिक शिक्षकाला हा हक्क नाही. आपला जिल्हा पुणे, सातारा, सांगली व सोलापूरबरोबर एका शिक्षक मतदारसंघात मोडतो. दर निवडणुकीत उमेदवार येतात, पेन्शनचे बोलतात, अनुदानाचे बोलतात, आणि ते बोललेच पाहिजे. आठवड्यातील किती तास फळ्याशी जावेत आणि किती कागदाशी, हे मात्र आजवर कोणा उमेदवाराने जाहीरनाम्यात घातल्याचे आम्हांस स्मरत नाही. मतदारांनीही ते विचारलेले नाही, हेही तितकेच खरे.

आमची सूचना अगदी साधी आहे आणि तिला पैसा लागत नाही. प्रत्येक हायस्कूलच्या मुख्याध्यापकाने येत्या जूनपासून एक वही ठेवावी. शिकविण्याव्यतिरिक्त दुसऱ्या कामामुळे कोणत्या तुकडीचा कोणता तास बुडाला, ते काम कोणत्या कार्यालयाने सांगितले, एवढेच तीत लिहावे. वही रोज लेखनिकाने नव्हे, वर्गाच्या मुलामुलींच्या प्रतिनिधीने भरावी. हजेरी त्यांची घेतली जाते, तशी त्यांनीही तासाची घ्यावी. महिनाअखेरीस बेरीज पालकसभेत वाचून दाखवावी आणि सूचनाफलकावर लावावी. आणखी एक कागद कशाला, असे कोणी हसून म्हणेल. त्याला आमचे उत्तर एवढेच की, शिक्षकाकडून आजवर मागविलेल्या सर्व माहितीत ही एकच माहिती कधी मागविली गेलेली नाही. मार्चच्या परीक्षेनंतर कोल्हापूर विभागीय मंडळाचा निकाल लागतो आणि शिक्षणाधिकारी कार्यालय प्रत्येक शाळेकडून टक्केवारी मागविते. त्याच तक्त्यात, टक्केवारीच्या शेजारी, बुडालेल्या तासांचाही रकाना असावा, आणि त्याखाली ते तास ज्या कार्यालयांच्या कामासाठी बुडाले त्यांची नावे असावीत.